पंचगंगेचं पाणी नदीत येण्याआधी कुठून फिरून येतं?

या वेळच्या टपालात पंचगंगेबद्दल बरेच प्रश्न आहेत. कुणी रंगाबद्दल विचारलंय, कुणी मेलेल्या माशांबद्दल, तर कुणी खताबद्दल. हे प्रश्न वेगवेगळे वाटले तरी त्यांचं मूळ एकच आहे. नदीच्या पाण्यात काय असेल हे नदीत ठरत नाही. पाणी आभाळातून पडल्यापासून नदीत पोचेपर्यंत जमिनीवरून कुठल्या वाटेनं गेलं, यावर ते ठरतं. म्हणून या महिन्यात सगळे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : पावसाळ्याच्या सुरुवातीला पंचगंगेला तांबडं पाणी येतं, तेव्हा सगळे म्हणतात की पाणी घाण झालं. हिवाळ्यात तेच पाणी बऱ्यापैकी नितळ दिसतं. मग हिवाळ्यातलं पाणी चांगलं समजायचं का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : फक्त रंग पाहून तसं समजता येणार नाही. कारण कळायचं तर आधी नदीचं पाणलोट क्षेत्र डोळ्यांसमोर आणायला हवं.

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येतं. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. तिथून पुढे कोल्हापूर आणि इचलकरंजीला वळसे घालत पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. चारही नद्या सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावतात. तिथे गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर दुसऱ्या टोकाला शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. शंभरेक किलोमीटरच्या अंतरात पावसात दहापट फरक पडतो. वर जांभ्याचे सडे आणि तांबडी माती, खाली काळी कसदार जमीन आणि तिच्यावर मैलोन् मैल ऊस.

पडलेल्या पावसापुढे तीन वाटा असतात. एक, जमिनीवरून थेट ओढ्याकडे धावत जाणं. दोन, मातीच्या वरच्या एक-दोन हात थरातून उतारानं झिरपत जाणं. तीन, खाली मुरून खडकाच्या भेगांतून सावकाश नदीच्या तळाशी पाझरणं. पहिल्या वाटेनं पाणी काही तासांत नदीत पोचतं, दुसरीनं काही दिवसांत किंवा आठवड्यांत, तिसरीनं काही महिन्यांत. तिसऱ्या वाटेला कधी कधी वर्षंही लागतात.

जूनमधलं पाणी मुख्यतः पहिल्या वाटेचं असतं. उघड्या जमिनीवर थेंब आदळतो, माती सुटते आणि पाणी तिला घेऊन निघतं. काचेच्या बाटलीत ते पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळाचा थर बसलेला दिसेल आणि वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ वाटेल. गाळाबरोबर आलेल्या गोष्टी बऱ्याचशा गाळालाच चिकटून राहतात. स्फुरद, म्हणजे फॉस्फेट, हे त्यातलं मुख्य. काही कीटकनाशकं आणि जिवाणूही त्याच्यासोबत येतात.

जानेवारीतलं पाणी दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेचं असतं, आणि धरणातून सोडलेलं पाणी त्यात मिसळलेलं असतं. मातीतून गाळून आल्यामुळे ते नितळ दिसतं. पण मातीला जे अडवता येत नाही ते त्यात विरघळून आलेलं असू शकतं. नायट्रेट हे त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. त्यामुळे तांबड्या पाण्यात एक प्रकारची चिंता असते आणि नितळ पाण्यात दुसऱ्या प्रकारची. पाण्याची परीक्षा एकाच महिन्यात आणि एकाच निकषावर करता येत नाही, ती या कारणानं.

प्रश्न : आम्ही खत उसाच्या सरीत घालतो, नदीत नाही. शिवाय आमचं रान नदीपासून दोन किलोमीटर लांब आहे. तरी नदी बिघडल्याचा ठपका शेतकऱ्यावर का? (एक ऊस उत्पादक, करवीर तालुका)

उत्तर : ठपक्याचं पुढच्या एका उत्तरात बोलू. आधी खत तिथपर्यंत जातं कसं ते पाहू.

युरियाचा दाणा ओल्या मातीत पडला की काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं. अमोनियमवर धन भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण भार. त्यामुळे माती त्याला धरून ठेवते. पण मातीतले जिवाणू पुढच्या एक ते तीन आठवड्यांत त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असल्यानं मातीची पकड सुटते. मीठ विरघळावं तसं ते पाण्यात विरघळतं आणि पाणी जाईल तिकडे जातं. मुळांनी वेळेत उचललं तर ठीक, नाही तर ते मुळांच्या खाली उतरतं, भूजलात पोचतं, तिथून विहिरीत किंवा ओढ्यात येतं. दोन किलोमीटरचं अंतर त्याला थांबवत नाही, फक्त उशीर करतं.

आता हिशेब करू. आडसाली उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्राची, म्हणजे एकरी १६० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं. सगळं नत्र युरियातून द्यायचं म्हटलं तर एकराला ४५ किलोची पावणेआठ पोती लागतात. दिलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ५० टक्केच पीक घेतं. उरलेल्यातलं काही अमोनिया होऊन हवेत उडतं, काही जमिनीतल्या सेंद्रिय भागात अडकतं आणि काही पाण्याबरोबर जातं.

त्यातल्या अर्ध्या पोत्याइतकंच नत्र, म्हणजे सुमारे १० किलो, पाण्याबरोबर गेलं असं धरा. त्याचं नायट्रेट होतं ४४ किलो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ते अर्धं पोतं जवळपास दहा लाख लिटर निर्मळ पाणी मर्यादेच्या काठावर नेऊन ठेवू शकतं. हे झालं एका एकराचं अर्धं पोतं. पाणलोटातल्या सगळ्या उसाचा विचार केला की वाटेतली थोडी थोडी गळती किती मोठी होते ते लक्षात येईल.

वेळेचीही गोष्ट आहे. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. तेव्हा पाऊस जोरात आणि मुळं कोवळी असतात. त्या दिवसांत एकदम घातलेलं खत उसाला कमी आणि ओढ्याला जास्त मिळतं. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, वळवाचं आणि जूनचं पाणी त्या भेगांतून मातीला फारसं न भिजवताच खाली उतरतं. एरवीही मोकाट पाणी देताना सरी भरून वाहिली की तेच होतं. वापसा येण्याआधी पुन्हा पाणी दिलं तर मुळांजवळचं नत्र आपण स्वतःच खाली ढकलत असतो.

प्रश्न : आमच्याकडे क्षारपड जमिनीत सच्छिद्र पाईप घालून निचरा केला. मीठ फुटलेल्या रानात पुन्हा ऊस उभा राहिला. पण पाईपचं पाणी ओढ्यात जातं. त्यात काही चूक आहे का? (शिरोळ तालुक्यातून)

उत्तर : निचरा करण्यात काहीच चूक नाही. वर्षानुवर्षं जास्त पाणी दिल्यानं भूजल वर आलं, त्याबरोबर क्षार वर आले आणि शिरोळमधल्या चांगल्या जमिनी पांढऱ्या पडल्या. त्या परत लागवडीखाली आणणं ही मोठी कामगिरी आहे. पण तुमची शंका रास्त आहे आणि या टपालातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मला तोच वाटतो.

निचऱ्याच्या पाईपचं तोंड जिथं ओढ्यात उघडतं तिथं एकदा उभं राहून पाहा. बारीक धारेनं पाणी पडत असतं, काचेसारखं नितळ. कुणीही म्हणेल, काय छान पाणी आहे. पण त्या पाण्यानं नेहमीची वाट सोडलेली असते. एरवी ते काठावरच्या ओल्या, कुजक्या, मुळांनी भरलेल्या मातीतून सावकाश ओढ्याकडे गेलं असतं. अशा हवा नसलेल्या ओल्या मातीत काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू श्वसनासाठी वापरतात आणि नत्राचा वायू हवेत सोडून देतात. निसर्गातलं नायट्रेट कमी करणारं मोठं यंत्र हेच आहे. पाईप त्या यंत्राला बगल देऊन पाणी थेट ओढ्यात सोडतो. क्षार तर बाहेर पडतातच, कारण त्यासाठीच पाईप घातलेला असतो, पण नायट्रेटही त्यांच्याबरोबर जातं.

याचा पुढचा अंक अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पाहायला मिळतो. तिथे मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांखाली गेली शंभरहून अधिक वर्षं निचऱ्याच्या नळ्यांचं जाळं आहे. तिथल्या रॅकून आणि डि मॉइन या नद्यांवर डि मॉइन शहराचा पाणीपुरवठा चालतो. नायट्रेट इतकं वाढलं की शहराला १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते काढून टाकणारं खास संयंत्र उभारावं लागलं. २०१५ मध्ये पाणीपुरवठा संस्थेनं वरच्या अंगाच्या तीन काउंटींमधल्या निचरा मंडळांवर खटला भरला. या नळ्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळीसारख्याच धराव्यात, असं तिचं म्हणणं होतं. २०१७ मध्ये न्यायालयानं खटला फेटाळला. २०२५ च्या जूनमध्ये नायट्रेट एवढं चढलं की ते काढणारी यंत्रणा पुरी पडेना, आणि लोकांना हिरवळीवर पाणी मारायला बंदी करावी लागली.

आपल्याकडे निचऱ्याचं काम अजून त्या मानानं थोडं आहे. म्हणून उपायही सुरुवातीलाच जोडता येतो. आयोवात आता पाईपचं पाणी लाकडाच्या ढलप्यांनी भरलेल्या चरातून नेतात. ढलपे जिवाणूंना अन्न पुरवतात आणि जिवाणू नायट्रेट संपवतात. दुसरा प्रकार असा की पाईप ओढ्यात न उघडता काठावरच्या झाडोऱ्याच्या पट्ट्यात आडवा सोडायचा, म्हणजे पाणी पुन्हा मातीतून झिरपत जातं. क्षारांवर या उपायांचा परिणाम होत नाही, त्यासाठी मुळात पाणी बेतानं देणं हाच मार्ग. पण नायट्रेटसाठी हे दोन्ही उपाय आपल्या ओढ्यांच्या काठी करून पाहण्यासारखे आहेत.

प्रश्न : तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचे खच पडल्याच्या बातम्या येतात. बऱ्याचदा हे पावसाच्या सुरुवातीला होतं. नवं पाणी आल्यावर मासे जगायला हवेत, मरतात कसे? (एक शिक्षक, हातकणंगले तालुका)

उत्तर : मासे मरतात ते मुख्यतः गुदमरून.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार थोडा असतो. २५ अंश तापमानाला लिटरमध्ये जास्तीत जास्त आठ मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी तापेल तसा तो आणखी कमी होतो. चार मिलिग्रॅमच्या खाली गेला की बहुतेक माशांना त्रास सुरू होतो.

आता उन्हाळ्यातली पंचगंगा आठवा. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी बंधाऱ्यांची रांग आहे. पावसाळा संपला की त्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि नदी साचलेल्या डोहांची माळ होते. शेतीला आणि गावांना त्या पाण्याचा आधार आहे, याबद्दल वाद नाही. पण साचलेल्या पाण्यात शहराचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी आणि शेतातून परत आलेलं पाणी येत राहतं. त्यातला सेंद्रिय भाग कुजवताना जिवाणू प्राणवायू वापरतात. तो किती वापरला जाईल याचं माप म्हणजे बीओडी. चांगल्या नदीत तो लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. घरगुती सांडपाण्यात दोन-तीनशे असतो आणि आसवनीच्या मळीच्या पाण्यात प्रक्रियेआधी तीस ते पन्नास हजार. मळीचा एक टँकर चोरून ओढ्यात सुटला तर काय होईल, ते या आकड्यांवरून समजेल.

वर केंदाळ पसरतं. नत्र-स्फुरदानं श्रीमंत झालेल्या साचलेल्या पाण्यावर ते पोसतं. त्याच्या गालिच्याखाली ऊन पोचत नाही, वाऱ्याला पाणी ढवळता येत नाही. शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री स्वतःच तो वापरतात. म्हणून प्राणवायू सगळ्यात कमी असतो पहाटे. मासे पहाटे पाण्याच्या वरच्या पापुद्र्याशी येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले, तर समजावं की संकट जवळ आलंय.

तळाशी काळा गाळ साठतो. त्यात हवाच नसते, म्हणून सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. तो माशांना थेट विषारी असतो. मग पहिला जोराचा पाऊस येतो. नाल्यांत महिनोन् महिने साचलेली घाण एका दमात नदीत येते. बरगे काढले जातात, वरच्या डोहांतलं काळं पाणी आणि ढवळलेला गाळ एकदम खाली सरकतो. ते पाणी पुढच्या बंधाऱ्याला पोचतं तेव्हा त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. माशांना पळायला जागा नसते, कारण पुढेही बंधाराच असतो. नवं पाणी जीव देणारंच आहे, पण ते या काळ्या पाण्याच्या मागून येतं.

यावर एक करण्यासारखं आहे. बरगे एकाच वेळी न काढता वरून खाली टप्प्याटप्प्यानं काढावेत आणि त्याआधी धरणातून थोडं स्वच्छ पाणी सोडावं. त्यासाठी पाटबंधारे विभाग, महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांनी एकत्र वेळापत्रक ठरवायला हवं.

प्रश्न : महापूर आला की नदी धुऊन निघते असं जुने लोक म्हणतात. ते खरं आहे का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : काही अंशी खरं आहे. पुरात डोहांतला गाळ निघून जातो, केंदाळ वाहून जातं, घाण पातळ होते. पण पातळ होणं आणि कमी होणं यात फरक आहे.

भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचं उदाहरण घेऊ. राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेल्या या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एक दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. या पाण्यात एखादा पदार्थ लिटरला फक्त एक मिलिग्रॅम आहे असं धरा. प्रयोगशाळा म्हणेल, काही विशेष नाही. पण दिवसभरात त्या एका दरवाज्याइतक्या पाण्यातून साडेतीन टन पदार्थ वाहून जातो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट असते. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. तेव्हा किती पटींनी पाणी वाहत होतं याची कल्पना करा. बाटलीतल्या नमुन्यात आकडा लहान दिसत असतानाच नदी वर्षातला सगळ्यात मोठा बोजा वाहून नेत असते. तो नाहीसा होत नाही. कृष्णेतून खाली जातो किंवा वाटेत शेतांवर, विहिरींत आणि घरांत गाळ होऊन बसतो.

पूर ओसरल्यावर काठच्या विहिरींकडे म्हणूनच विशेष लक्ष द्यायला हवं. विहीर उपसून, क्लोरीन टाकून, पाणी तपासल्याशिवाय प्यायला घेऊ नये. दूषित पाण्याची किंमत या खोऱ्यानं मोजलेली आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि माणसं दगावली.

प्रश्न : शेवटी दोषी कोण? शहर, कारखाने की शेती? प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. (एक निवृत्त अभियंता, कोल्हापूर)

उत्तर : तिघांचाही वाटा आहे, पण त्यांचे गुन्हे वेगळे आणि त्यांना पकडण्याचे मार्गही वेगळे.

जयंती नाला किंवा इचलकरंजीचा काळा ओढा या ठिकाणांवर बोट ठेवता येतं. पाणी कुठून येतं, किती येतं, प्रक्रिया झाली की नाही, हे मोजता येतं. १९७४ चा पाणी प्रदूषण प्रतिबंध कायदा अशाच ठिकाणांसाठी उपयोगी पडतो. परवानगी, तपासणी, नोटीस, दंड, सगळं त्यात आहे. इथं गरज आहे ती आहे तोच कायदा न कंटाळता राबवण्याची. एप्रिल-मे महिन्यातली दुर्गंधी, काळं पाणी आणि माशांची मरतूक यांत मोठा हात या पाण्याचाच असतो. उन्हाळ्यात नदीत पाणीच थोडं असतं, त्यामुळे त्यात पडणारी प्रत्येक नळी जड भरते.

शेतीचं तसं नाही. तिला एक तोंड नाही, हजारो सऱ्या आहेत. तिचा वाटा पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या झिऱ्यातून येतो आणि भूजलात साठत जातो. कुठल्याही एका शेतकऱ्याला दोषी धरणं अशक्य आहे आणि अन्यायाचंही आहे. त्यानं खत शिफारशीनं किंवा शेजाऱ्याचं पाहून टाकलेलं असतं. युरिया स्वस्त आणि पालाश महाग असल्यानं हात युरियाकडेच जातो. एक गोष्ट मात्र शेतीच्या बाजूनं आहे. नाल्यात गेलेलं सांडपाणी कुणालाच नको असतं, पण ओढ्यात गेलेलं नत्र शेतकऱ्यानं पैसे मोजून आणलेलं असतं. ते वाचलं तर नदीचं आणि शेतकऱ्याचं, दोघांचंही भलं होतं. म्हणून शहराला आणि कारखान्याला कायद्याचा धाक हवा, तर शेतकऱ्याला सल्ला, सोबत आणि थोडं अर्थसाहाय्य हवं.

करायचं काय, तेही सांगतो. खत एकदम न देता चार हप्त्यांत द्यावं. खोडव्याला पहारीनं बुडख्याच्या बाजूला छिद्र घेऊन मातीआड द्यावं, सरीत फेकू नये. ठिबक असेल तर विद्राव्य खत थोडं थोडं द्यावं. पाचट न जाळता सरीत दाबावं, म्हणजे थेंबाचा मार माती खात नाही. माती परीक्षण करून स्फुरद पुरेसं असेल तर ते कमी करावं. हवामान खात्यानं मुसळधार पावसाचा इशारा दिला असेल तर खत दोन-तीन दिवस थांबवावं. आणि ओढ्याच्या अगदी धारेपर्यंत नांगर न नेता काठाला काही मीटरचा पट्टा करंज, उंबर, वाळुंज, बांबू आणि गवत यांच्यासाठी सोडावा. तो पट्टा वरून येणारा गाळ धरतो आणि खालून येणारं नायट्रेट संपवतो. पाण्याच्या दोन्ही वाटांवर काम करणारा इतका स्वस्त उपाय दुसरा माझ्या माहितीत नाही.

प्रश्न : आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आम्ही उकळून पितो. घरात तान्हं बाळ आहे. तेवढं पुरेसं आहे ना? (एक आई, शिरोळ तालुका)

उत्तर : ताई, उकळल्यानं जिवाणू आणि विषाणू मरतात, आणि ते फार महत्त्वाचं आहे. पण नायट्रेट उकळून जात नाही. उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण थोडं वाढतं. साध्या कापडी गाळणीनं किंवा मेणबत्तीच्या फिल्टरनंही ते निघत नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना याचा धोका जास्त असतो. नायट्रेटचं शरीरात नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं. बाळाचे ओठ, नखं निळसर दिसू लागतात. विहिरीच्या पाण्याशी असलेला हा संबंध १९४५ मध्ये हंटर कॉमली या डॉक्टरांनी आयोवातच पहिल्यांदा नोंदवला. बाळ फक्त अंगावर पीत असेल तर काळजीचं कारण नाही. पावडरचं दूध देत असाल तर पाण्याचं नायट्रेट तपासल्याशिवाय त्या विहिरीचं पाणी त्यासाठी वापरू नका.

तपासणी अवघड नाही. जलजीवन मिशनमध्ये बऱ्याच ग्रामपंचायतींना पाणी तपासणीचे संच मिळालेले आहेत आणि गावातल्या महिलांना ते वापरायला शिकवलंय, आधी तिथं विचारा. नक्की आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून घ्या, काठोकाठ भरा, थंड जागी ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवा. पंप सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांनी नमुना घ्या. पावसाळ्यानंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, असं वर्षातून दोनदा तपासा. आकडा ४५ च्या वर आला तर बाळासाठी आणि गरोदर बाईसाठी दुसऱ्या पाण्याची सोय करा आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. एका विहिरीत वाढलेलं नायट्रेट त्याच शिवारातल्या शेजारच्या विहिरींतही असण्याची शक्यता मोठी असते. तुमचा एक कागद आणखी चार घरांतल्या बाळांच्या उपयोगी पडेल.